गोल्फची पिशवी आणि भाजीची पिशवी

प्रश्न : गेल्या वर्षी निवृत्त झालो. वय ६१. चेंबूरला आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळतो, हॅण्डिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) २२. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सहा आठवडे परदेशात जाऊन मनसोक्त खेळायचं, हे नोकरीत असल्यापासून मनात आहे. यादी अशी : थायलंडमधलं हुआ हिन, पटाया आणि चिआंग माय, नाहीतर थेट पोर्तुगालचं अल्गार्व्ह. दर आठ-दहा दिवसांनी मुक्काम हलवला तर वीसेक कोर्स होतील असा हिशेब आहे. मधले दोन आठवडे बोरिवलीचे मित्र सपत्नीक येणार आहेत. माझी बायको खेळत नाही, शाकाहारी आहे, आणि ती विचारते, "सहा आठवडे मी बग्गीत बसून तुमचा चेंडू शोधत फिरू का?" तळ कुठे ठोकावा?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वहिनींचं आहे. कोर्सची यादी जरा बाजूला ठेवा, आधी त्यांच्याकडे वळू.

एक राउंड साडेचार-पाच तासांचा. सकाळी साडेसहाला निघालात तर बारा-साडेबाराला आंघोळ करून जेवायला बसाल. उरलेल्या दिवसाचं काय? आणि ज्या दिवशी खेळणार नाही त्या दिवसाचं? रोज खेळू असं निघताना प्रत्येकालाच वाटतं. अठरा होल चालत खेळले की आठ-दहा किलोमीटर होतात, आणि एकसष्टाव्या वर्षी गुडघे आपलं मत मांडतातच. आठवड्याला तीन राउंड धरा. सहा आठवड्यांचे अठरा. म्हणजे बेचाळीसपैकी चोवीस दिवस तुम्ही गोल्फ खेळणार नाही. मुक्कामाची जागा या चोवीस दिवसांसाठी निवडायची असते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रिसॉर्टमध्ये, कोर्सच्या आतच, सव्वीस दिवसांसाठी बंगला घेतला होता. फोटोत बाल्कनीतून नवव्या होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दिसत होतं. प्रत्यक्षातही दिसलं, त्याबद्दल तक्रार नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली. पुढचे नऊ दिवस तो पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून त्या बाल्कनीत बसला आणि अनोळखी माणसांच्या पटला (चेंडू भोकात ढकलायच्या हलक्या फटक्याला) "अजून थोडं डावीकडे" म्हणत राहिला. सगळ्यात जवळचं दुकान अकरा किलोमीटरवर. टॅक्सी हवी तर रिसेप्शनला अर्धा तास आधी सांगायचं. एकदा मी लिंबं आणायला गेले. चार लिंबांसाठी येण्या-जाण्याचं जे भाडं पडलं, त्यात दादरला आठवड्याची भाजी आली असती. संध्याकाळी साडेसहाला कोर्स रिकामा व्हायचा, तळ्यातले बेडूक सुरू व्हायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. लग्नाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती, नवीन बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. मुंबईत घर बघताना आपण काय विचारतो? स्टेशन किती मिनिटांवर, भाजी कुठे मिळते, केमिस्ट खाली आहे का. गोल्फच्या मुक्कामालाही हेच विचारायचं. चालत दहा मिनिटांत बाजार, केमिस्ट आणि बसून चहा प्यायची जागा. गाडीने अर्ध्या तासात चार-पाच कोर्स. किलोमीटरमध्ये विचारू नका, मिनिटांत विचारा. घाटकोपर ते चेंबूर किती किलोमीटर आहे, याला संध्याकाळी सातला काय अर्थ असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुमची यादी.

अल्गार्व्ह या खेपेला काढून टाका. कोर्स उत्तम आहेत, फारो विमानतळापासून जवळ आहेत, आणि विलामोराला राहिलात तर बंदरावर चालत फिरता येतं. पण जानेवारी तिथला पावसाचा. दुपारी सोळा अंशांच्या आसपास, सहाच्या आत अंधार. मुंबईकर तिथे स्वेटरवर स्वेटर घालून स्विंग करतो आणि चेंडू जेमतेम लेडीज टीपर्यंत, म्हणजे बायका जिथून पहिला फटका मारतात त्या पुढच्या जागेपर्यंत, पोहोचतो. शिवाय मुंबईहून फारोला थेट विमान नाही, आणि शेंगेन व्हिसाची कागदपत्रं आहेतच. एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जरूर जा.

चिआंग माय वहिनींना सगळ्यात जास्त आवडेल. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक, आत देवळं, संध्याकाळचे बाजार. जानेवारीत सकाळी पंधरा अंशांपर्यंत गारवा असतो. सागवानाच्या व्यापारासाठी आलेल्या ब्रिटिशांनी १८९८ साली काढलेला जिमखाना क्लब आजही आहे, नऊ होलचा, मोठमोठ्या झाडांखालचा. अडचण धुराची. फेब्रुवारीपासून त्या बाजूला शेतांतला पालापाचोळा आणि जंगलं जळायला लागतात, शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्यामुळे धूर तिथेच साचतो, आणि मार्चपर्यंत समोरचा डोंगर दिसेनासा होतो. मुंबईची थंडीतली हवा आपण सोसतोच, पण पैसे खर्चून ती दुसऱ्या देशात का सोसायची? तुमचा अर्धा मुक्काम नेमका त्या दिवसांत पडतो. जानेवारी संपायच्या आत चार दिवस तिकडे जाऊन या, क्लब म्हणजे खेळायच्या काठ्या न घेता.

नुसते कोर्सच मोजायचे तर पटाया सगळ्यांच्या पुढे. तासाभराच्या आत वीसहून जास्त कोर्स, त्यात नामवंत अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलसने आखलेला लाएम चाबांग, आणि एलपीजीएची (महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेची) थायलंडमधली स्पर्धा जिथे भरते तो सियाम कंट्री क्लबचा जुना कोर्स. चार पुरुष मित्र दहा दिवसांसाठी चालले असते तर मी डोळे मिटून पटाया सांगितलं असतं. जोडप्याने सहा आठवडे राहायला मात्र ते गाव गजबजाटाचं आहे. बोरिवलीच्या मित्रांना रात्रीची रोषणाई बघायचीच असेल तर दोन दिवस जाऊन या म्हणावं.

उरलं हुआ हिन, आणि माझं मत तिथेच. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून थेट बस आहे, गाडीने तीनेक तास. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जवळजवळ नाही, दुपारी तीस अंशांच्या आसपास आणि समुद्राचा वारा. १९२४ सालचा रॉयल हुआ हिन हा थायलंडमधल्या सगळ्यात जुन्या कोर्सपैकी एक, रेल्वे बांधायला आलेल्या एका स्कॉटिश इंजिनीअरने आखलेला. तो अगदी रेल्वे स्टेशनाच्या पाठीला आहे. गावातून रूळ ओलांडला की कोर्स. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानावर जावं, तसं मी तिथे पिशवी खांद्याला लावून चालत गेले आहे. २०२३च्या अखेरीपासून गाड्या वरच्या नव्या स्टेशनात थांबतात, पण लाल-पिवळसर रंगाचं जुनं लाकडी स्टेशन खाली तसंच जपून ठेवलेलं आहे. वहिनी फोटो काढतीलच.

बाकीचे कोर्स गाडीने जायचे. पश्चिमेला डोंगराच्या कुशीत ब्लॅक माउंटन, २००७ सालचा. थोडा दक्षिणेला बॅनियन, जिथे पूर्वी अननसाची शेती होती आणि आजूबाजूला अजून आहे. उत्तरेला चा-आमच्या बाजूला पाम हिल्स आणि निकलसचाच स्प्रिंगफील्ड. पाच झाले. अठरा राउंड म्हणजे प्रत्येकावर तीन-चारदा जाल. वीस कोर्सवर एकेकदा खेळून काय मिळतं? पहिल्यांदा गेलं की निम्मे होल पाणी कुठे आहे हे कळण्यातच जातात. तिसऱ्यांदा गेलात की कॅडी (पिशवी सांभाळणारी मदतनीस) तुम्हाला ओळखते, "आज सात नंबरचा क्लब नको, सहा घ्या" म्हणते, आणि तिचं ऐकलं की बरं होतं. कॅडी तिथे घ्यावीच लागते, प्रत्येकाला एक, बहुतेक बायका असतात. ग्रीन फी, कॅडी फी आणि बग्गी असे तीन आकडे वेगवेगळे विचारा, आणि कॅडीच्या हातात द्यायचे साधारण ४०० बाट त्यात धरलेले नसतात. शनिवार-रविवारी बँकॉकची मंडळी गाड्या भरून येतात, फीही चढते. ते दोन दिवस खेळू नका. बुकिंग करताना ग्रीनला भोकं पाडून वाळू भरायचं काम त्या आठवड्यात नाही ना, हेही विचारा. थायलंडमध्ये ते सहसा पावसाळ्यात उरकतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

वहिनींसाठी. चाटचाय बाजार गावाच्या मध्यात आहे, सकाळी सहापासून गजबजलेला. कोथिंबीर मुळासकट मिळते, ओला नारळ डोळ्यांसमोर यंत्रात किसून देतात, केळीची पानं मिळतात. मी तिथे एका बाईकडून रोज शेवग्याच्या शेंगा घेत असे. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी तिने मूठभर मिरच्या वर टाकल्या. जेवणाचं मात्र नीट समजून घ्या : भाजीतही 'नाम प्ला' म्हणजे माशांचं पाणी घालतात, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही. 'नो मीट' म्हणून भागत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' असं थाई चिन्ह असलेली खानावळ शोधा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल असं जेवण, फक्त मेनूकार्डावर तसं लिहिलेलं नसतं.

म्हणूनच हॉटेल नको, स्वयंपाकाची सोय असलेला फ्लॅट घ्या. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीला फ्लॅट भाड्याने देणं तिथल्या हॉटेल कायद्यात बसत नाही; तुमचा मुक्काम सहा आठवड्यांचा, त्यामुळे तुम्ही निर्धास्त. वीजबिल वेगळं असतं, युनिटचा दर आधी लिहून घ्या. त्याच महिन्यांत स्वीडन-नॉर्वेकडची म्हातारी मंडळी थंडी चुकवायला तिथे ठाण मांडून असतात, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत जागा ठरवून टाका. समुद्राचं दृश्य की बाजाराजवळची गल्ली असा पेच पडला तर गल्ली घ्या. समुद्र कुठे पळून जात नाही, आणि हुआ हिनचा किनारा ओहोटीला इतका लांब आणि सपाट होतो की दक्षिणेला खाओ ताकियाबच्या टेकडीपर्यंत वाळूवरून चालत जाता येतं. टेकडीवर देऊळ आहे आणि माकडं आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी नेऊ नका.

तुम्ही खेळायला गेलात तरी वहिनी एकट्या आगगाडीत बसून फेचबुरीला जाऊन येऊ शकतील, तासाभराचा प्रवास. डोंगरावर राजवाडा आहे, आणि तिथला ताडगूळ देशभर प्रसिद्ध आहे. एक दिवस मात्र दोघांनी मिळून दक्षिणेच्या साम रोई योत राष्ट्रीय उद्यानातली फ्राया नाखोन गुहा बघा. चढ दमवणारा आहे. वर पोहोचलं की गुहेचं छत कोसळून मोकळं झालंय, तिथून सकाळी उन्हाची एक तिरीप खाली येते आणि १८९० साली राजा चुलालोंगकॉर्नसाठी बांधलेल्या छोट्याशा मंडपावर पडते. त्या दिवशी मी खेळले नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बोरिवलीच्या मित्रांना त्याच इमारतीत वेगळा फ्लॅट घ्यायला सांगा. त्याच घरात नको. मैत्री टिकवायची आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय किती दिवस राहता येतं, हा नियम अलीकडे पुन्हा पुन्हा बदललाय, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. मे २०२५पासून विमानतळावरचा कागदी फॉर्म गेला आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी पानं दिसतील, ती सरकारी नव्हेत. प्रवास विमा घेताना एका सफरीला जास्तीत जास्त किती दिवस चालतो ते बघा, वर्षभराच्या बऱ्याच पॉलिसींत ती मर्यादा असते. रक्तदाब-मधुमेहाची माहिती लपवू नका. आणि कंबरदुखीसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या नेत असाल तर थांबा : तिथे त्या नियंत्रित औषधांत येतात, कागदपत्रांशिवाय नेऊ नयेत.

प्रश्न : माझी मुलगी एडिनबराला असते. जुलैत तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. सेंट अँड्रूजला मुक्काम करावा की तिच्याच घरून खेळावं? सेंट अँड्रूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर एकदा तरी खेळायचंच आहे.
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तिच्याच घरून. जुलैत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवून उठल्यावरही नऊ होल होतात. एडिनबरातला ब्रेड हिल्स हा सार्वजनिक कोर्स १८८९ पासूनचा, टेकडीवरचा. वरून किल्ला दिसतो आणि वाऱ्याने टोपी जाते. शहराच्या मध्यात ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे, छोटे होल, फी नाही. क्लब नवीन असतील तर पहिल्या दिवशी तिथेच हात साफ करा. नॉर्थ बेरिकला आगगाडीने अर्धा-पाऊण तास, आणि स्टेशनावरून कोर्सला चालत. वाटेत मसलबराला उतरलात तर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत नऊ होलचा जुना कोर्स आहे. १६७२ साली तिथे खेळल्याची नोंद आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या आत कुणी गोल्फ खेळतंय अशी कल्पना करा, तसंच दिसतं.

ओल्ड कोर्ससाठी मात्र दोन-तीन रात्री सेंट अँड्रूजलाच राहा. रोज चिठ्ठ्या टाकून नावं काढतात, दोन दिवस आधी नाव द्यायचं. एकाच दिवसाच्या भरवशावर गेलात तर नाव न निघाल्याचं दुःख घेऊन परत याल. हॅण्डिकॅपचा दाखला मागतात, इथल्या क्लबकडून आधीच घ्या. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, आणि बंद म्हणजे गावासाठी उघडा : त्या दिवशी लोक फेअरवेवरून (खेळायच्या हिरवळीच्या पट्ट्यावरून) कुत्री फिरवतात, मुलं वाळूच्या बंकरमध्ये उड्या मारतात. रविवारची रात्र मुक्कामात धराच. अठराव्या होलवर पायात साध्या चपला घालून उभं राहायला मिळतं, तेही चिठ्ठी न टाकता.

प्रश्न : गोल्फची पिशवी विमानात टाकली की ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबची, मान मोडून येते. दोनदा झालं. उपाय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ड्रायव्हरचं डोकं काढता येत असेल तर काढून मोज्यात घाला आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवा. मग फरशी पुसायच्या मॉपची दांडी घ्या. ती सगळ्यात लांब क्लबपेक्षा चार बोटं उंच हवी. पिशवीच्या मधोमध उभी ठेवा आणि वरच्या टोकाला जुना टॉवेल गुंडाळा. पिशवी डोक्यावर पडली की मार आधी दांडीला बसतो. यासाठी दुकानात महागाची वस्तू मिळते, माझी दांडी नळबाजारातली आहे आणि तिने आठ प्रवास केले आहेत. अंतर मोजायच्या दुर्बिणीची सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक पिशवीत ठेवू नका, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. वजनाची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते. चेंडू डझनभरच न्या, ते तिथेही मिळतात आणि तिथेच हरवतात.

दांडी येतानाही लागते, हे विसरू नका. एकदा मी ती हुआ हिनला टाकून निघणार होते, शेवटच्या सकाळी लक्षात आलं, तोवर घरमालकिणीने ती वेलाला आधार म्हणून अंगणात रोवून टाकलेली. चाटचाय बाजारात जाऊन नवा मॉप घेतला, दांडी काढून घेतली आणि खालचा झुपका तिलाच दिला. तिने तो घेतला, पण माझ्याकडे बराच वेळ बघत होती.